नवरीच्या गळ्यातलं तारण

पाऊच उघडला तर आत सोनं नव्हतं. घडी घातलेली लग्नपत्रिका होती.

मी ती उलगडून टेबलावर ठेवली. तारीख आजचीच. लग्न गणेशगुडीच्या पुढच्या एका वाडीवर, मुहूर्त दुपारचा. माझ्यासोबत बेळगावहून रेवणकरमामा आले होते. ते अप्रेझर, म्हणजे बँकांसाठी सोनं पारखून देतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली.

"पाऊचमधनं पितळ निघालेलं बघितलंय," ते म्हणाले. "आमंत्रण पहिल्यांदाच बघतोय."

समोर या बँकेचे चेअरमन बसले होते. सदानंद मिराशी. सगळं रामनगर त्यांना सदाअण्णा म्हणतं. पकडलं गेल्याचं कुठलंही चिन्ह त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. उलट पत्रिका चुरगळू नये म्हणून त्यांनी ती माझ्या कोपराखालून हळूच काढून घेतली.

"अण्णा, या पाऊचमधलं सोनं कुठंय?"

"लग्नाला गेलंय."

"कोण घेऊन गेलं?"

"आमच्या वैनी. सांजच्याला येतंय की परत. तुम्ही च्या घ्या."

मी चहा घेतला नाही. एरवी ऑडिटला गेले की मिळेल तो चहा घेते, पण पाऊच रिकामा निघाला की घेत नाही. माझ्या धंद्यातला माझ्यापुरता केलेला हा एक नियम आहे.

आधी थोडं मागचं सांगते. मी चार्टर्ड अकाउंटंट. ऑफिस बेळगावात, आणि निम्मं काम बँकांचं आणि सोसायट्यांचं. मिराशींची बँक कागदावर बँक नाहीच, क्रेडिट सोसायटी आहे. पण रामनगरात सोसायटी म्हटलं की लोकांना रेशनचा तांदूळ आठवतो, म्हणून हिला सगळे बँकच म्हणतात. ती या घरात चार पिढ्या आहे. सदाअण्णांच्या आजोबांनी जुन्या सुप्यात किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत ती सुरू केली. काळी नदीवर धरण झालं, जुनं सुपा पाण्याखाली गेलं, लोक उठून रामनगरला आले. लोकांबरोबर त्यांचे गहाण ठेवलेले दागिनेही आले. एकाही घरची पोटली वाटेत हरवली नाही, हे मला तिथल्या हॉटेलवाल्यानंही सांगितलं होतं, आणि तो मिराशींचा नातेवाईक नव्हता. अण्णांनी बँक वडिलांकडून घेतली आणि आता त्यांचा मुलगा काउंटर सांभाळतो.

घराण्यांच्या बँका मी पुष्कळ पाहिल्या. पहिली पिढी बँक उभी करते. दुसरी तिच्यासाठी बिल्डिंग बांधते. तिसरी एकमेकांवर केस घालते. चौथीपर्यंत भांडण न होता पोचलेली ही मला पहिलीच भेटत होती, म्हणून मी हे काम हट्टानं मागून घेतलं होतं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची मला खोडच आहे. तिचे पैसे मिळतात म्हणून ही ऑडिटर झाली, असं माझा नवरा म्हणतो.

काम काय होतं? नवे नियम आले होते. नवं सॉफ्टवेअर, जादा भांडवल, कसले कसले दाखले. छोट्या सोसायटीला हे एकटीनं झेपणारं नव्हतं. बेळगावची एक मोठी बँक तिला टाय-अप द्यायला तयार होती. त्याआधी माझ्यासारखीला पाठवतात. त्याला ड्यू डिलिजन्स म्हणतात. सोयरीक ठरवण्याआधी माणसं घराणं बघून येतात, तसंच. फक्त आम्ही पोहे खाऊन झाल्यावर तिजोरी उघडायला लावतो.

टाय-अप झालं नाही तर मिराशींच्या बँकेला कुलूप लागणार होतं. अण्णांना हे माहीत होतं, मलाही. मोठ्या बँकेची बोर्ड मीटिंग दुसऱ्याच दिवशी होती आणि माझा रिपोर्ट तिच्या आदल्या संध्याकाळी जायचा होता.

अशा रिपोर्टमध्ये घराण्याच्या बँकेसाठी एक खास रकाना असतो. प्रमोटर्स कॉन्ट्रिब्युशन. साध्या भाषेत, मालकांचं स्वतःचं यात किती आहे? लोकांच्या पैशावर मोठं होणारे खूप असतात. उद्या बँक बुडाली तर तुमच्या घरातलं काय बुडेल, ते दाखवा. मिराशींचा आकडा तिथे जेमतेमच होता. सकाळी तो लिहिताना मी जरा नाक मुरडलं होतं, आणि त्यानंतर तासाभरात हा पाऊच उघडला.

"अण्णा, हे सोनं तारण आहे ना?"

"व्हय."

"कर्ज फिटलंय?"

"न्हाई. निम्मं फिटलंय."

तारण म्हणजे कर्जाच्या बदल्यात ठेवलेली वस्तू. कर्ज फिटेपर्यंत ती तिजोरीतून हलत नाही. गोल्ड लोनचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा असतो. मी हे अण्णांना सांगायला तोंड उघडलं, आणि चार पिढ्या बँक चालवणाऱ्या घरातल्या माणसाला आपण काय सांगतोय, असं वाटून मिटलं.

अण्णाच बोलले. "पोरगी त्यांची. सोनंबी त्यांचंच. आमच्या तिजुरीत पडून ऱ्हाणार आणि पोरगी मोकळ्या गळ्यानं बोहल्यावर उभी ऱ्हाणार? सकाळी द्यायचं, सांजच्याला आणायचं. आज्ज्याच्या टायमापासनं हे असंच चाललंय."

"आणि परत आलं नाही तर?"

"येतंय."

"नाही आलं तर?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी सूर्य उगवला नाही तर काय, असं विचारलं होतं.

मी बाहेर ओट्यावर येऊन मोठ्या बँकेच्या हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पाऊच रिकामा आहे ना? मग शॉर्टेज लिहा आणि परत या."

"सर, सोनं लग्नाला गेलंय."

"काय म्हणालात?"

मी परत सांगितलं. मग ते म्हणाले, "संध्याकाळी परत आलेलं मी धरणार नाही. दिवसभरात कुणाकडूनही उसनं आणून पाऊचमध्ये टाकता येतं."

त्यांचं बरोबर होतं. मलाही तेच वाटत होतं. रिकामा पाऊच संध्याकाळपर्यंत भरायचा झाला तर गावात शंभर गळे असतात. सोनं खरंच लग्नाला गेलं असेल, तर ते मला आत्ता, लग्नातच बघायला हवं होतं.

"सर, मी लग्नाला जाते," मी म्हटलं.

"जेवून या," साहेब म्हणाले. ते चिडून म्हणाले की गमतीनं, ते मला अजून कळलेलं नाही.

तिजोरीतले निम्मे पाऊच अजून उघडायचे राहिले होते. मी तिजोरी बंद करवली, दारावर माझं सील लावलं, वर सही केली. म्हणजे मी परत येईपर्यंत ती कुणी उघडली तर मला कळणार. अण्णांनी हे सगळं नुसतं बघितलं. जीपमध्ये बसताना मात्र त्यांनी एक अट घातली.

"मांडवात कुणास कळता कामा न्हाई. पोरीच्या आईबास ठावं हाय आणि वैनीस. नवरीलाबी म्हायती न्हाई. व्याही खानापूरकडचे. सोनं गहाण हाय म्हणून त्यास्नी कळलं तर पोरगी जन्मभर ऐकून घेईल."

"अण्णा, मी ऑडिटर आहे. बँडवाली नाही," मी म्हटलं. सोनं बघितल्याशिवाय रिपोर्ट होणार नव्हता, आणि बघताना कुणाच्या लक्षात आलं तर एका पोरीचं लग्नाच्याच दिवशी हसं होणार होतं.

गणेशगुडीपर्यंत रस्ता रहदारीचा असतो. राफ्टिंगला आलेल्या पोरांच्या गाड्या, रिसॉर्टच्या पाट्या. तिथून आत वळलं की पाट्या संपतात. वाडीवर पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भाताचं खळं सारवून त्यावर मांडव घातला होता. एका बाजूला पंगत बसली होती. नवरीचे वडील, वेळीप, अण्णांना बघून धावत आले. अण्णांच्या मागे पर्स घेतलेली बाई आणि कोट घातलेले रेवणकरमामा बघून त्यांचे पाय जरा अडखळले.

"बेळगावचे पाव्हणे," अण्णा म्हणाले. "आशीर्वाद द्यायला आलेत."

वेळीप हसले, पण त्यांनी हात जोडले ते सुटेचनात. मला फार वाईट वाटलं. लेकीच्या लग्नाच्या दिवशी बापानं माझ्यासारखीला घाबरावं, असलं हे काम. मी म्हटलं, "दादा, आधी जेवायला वाढा. लांबून आलोय." तेव्हा कुठे त्यांनी श्वास घेतला.

नवरीच्या शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात फक्त काचेच्या बांगड्या. याच सुमनवैनी, अण्णांच्या मोठ्या भावाच्या पत्नी. भाऊ थकल्यापासून बँकेतलं दागिन्यांचं खातं त्याच बघतात. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे, आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"या ताई, बसा. नवरीकडं बघून घ्या डोळे भरून."

मी बघून घेतलं. पाऊचच्या टॅगवर लिहिलेलं मला पाठ होतं. बोरमाळ एक, कुड्यांचा जोड. बोरमाळ म्हणजे बोराएवढ्या मण्यांची माळ. मणी आतून पोकळ असतात आणि त्यात लाख भरतात. म्हणून टॅगवर दोन वजनं असतात, लाखेसकट आणि लाखेशिवाय. खाली अप्रेझरनं ओळख पटावी म्हणून शेरा मारला होता की मधल्या पदकाजवळचा मणी चेपलेला आहे. मी नवरीच्या खांद्यावरचा पदर नीट करायचं निमित्त केलं आणि मणी शोधला. चेपलेला होता. कानात कुड्याही होत्या.

माझा जीव भांड्यात पडला. मग माझी नजर खाली गेली. नवरीच्या दोन्ही हातांत जाड पाटल्या होत्या.

टॅगवर पाटल्या नव्हत्या.

वरून मी हसत होते, कुणी दिलेलं पन्हं पीत होते. डोक्यात मात्र एकच हिशेब चालला होता. वेळीपांकडे दुसरं सोनं नाही, हे अण्णांनीच जीपमध्ये सांगितलं होतं. मग या पाटल्या कुणाच्या? निम्मे पाऊच मी बघितलेलेच नव्हते. त्यातला एखादा उघडून दुसऱ्याच कुणाचं गहाण सोनं या पोरीच्या हातात घातलं असेल तर? स्वतःचं तारण दिवसभर वापरायला देणं हा बेशिस्तपणा झाला. एकाचं तारण दुसऱ्याच्या अंगावर घालणं ही चोरी. तसं असलं तर चार पिढ्यांची बँक मी स्वतःच्या हातानं बंद करणार होते, आणि तशी करायलाच हवी होती. आणि एवढं असूनही ते तसं नसावं, असं मला मनापासून वाटत होतं. ऑडिटरला असं काही वाटणं बरं नव्हे.

जेवणं झाली. पाठवणीची तयारी सुरू झाली. आता मला दुसरंच कोडं पडलं. नवरी सासरी जाताना अंगावर सोनं घालून जाते. मग हे संध्याकाळी परत कसं येणार?

सुमनवैनी उठल्या. "चल गं बाय, साडी बदल. वाटेला लागायचं हाय." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्हीबी या. निऱ्या धरायला कोण तरी लागंल."

आतल्या खोलीत नवरीनं शालू उतरवून साधी साडी नेसली आणि न सांगता एकेक दागिना काढून वैनींच्या ओटीत ठेवला. गळ्यात फक्त सासरचं मंगळसूत्र राहिलं.

"बोरमाळ जपा हं काकी," ती म्हणाली. "आज्जीची हाय."

"तुझ्यापेक्षा जास्त जपतो आम्ही तिला. जा, आईजवळ बस जरा."

ती गेल्यावर मी विचारलं, "सोनं का काढलं?"

"वाटेला सोनं घालायचं न्हाई. हिकडची रीत हाय. रानातली वाट, नवरी मोकळीच निघती. सोनं मागनं जातं, वेगळ्या वाटेनं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. ज्याच्या घरी ट्रॅक्टर हाय त्याचंबी. मिराशींची कोण तरी बाई लग्नाला असती, ती समद्यांसमोर सोनं बँकेत घेऊन जाती. ज्याचं ठेवणीतलं असतं तो सवडीनं न्यायला येतो. ज्याचं गहाण असतं त्याचं पाऊचमधे जातं. बघणाऱ्यास दोन्ही सारखंच."

मी दार लोटून घेतलं आणि पर्समधला छोटा काटा काढला. बोरमाळ ठेवली. टॅगवरचं वजन जुळलं. कुड्या ठेवल्या, त्याही जुळल्या. मग मी पाटल्या उचलल्या.

"वैनी, या कुणाच्या?"

"माझ्या."

"टॅगवर नाहीत."

"कशा असतील? माझ्या हायत म्हणलं न्हवं."

"तुमच्या आहेत हे मी कशावरून धरू?"

मी हे जरा जास्तच कोरडेपणानं विचारलं. वैनींना राग आला नाही. त्यांनी हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली. उन्हातान्हातला सावळा हात, आणि मनगटावर दोन्हीकडे एकेक फिकट पट्टा. पाटल्या जिथे वर्षानुवर्षं बसलेल्या होत्या, तिथली कातडी वेगळीच दिसत होती. मी एक पाटली घेतली आणि त्यांच्या हातात चढवली. सहज चढली नाही. त्यांनी अंगठा आत दुमडला, हात एका खास पद्धतीनं वळवला, आणि पाटली जाऊन बरोबर त्या पट्ट्यावर बसली.

काटा मी पर्समध्ये टाकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

"पोरीचे हात मोकळे होते," वैनी म्हणाल्या. "गळ्यात बोरमाळ आणि हातात काच, कसं दिसतंय? सासूनं दिल्या तवा तिनंबी सांगून ठेवलंय, ह्या कपाटात ठेवायच्या न्हाईत म्हणून."

तेवढ्यात बाहेर आवाज चढला. नवऱ्याच्या आत्याबाई. मोकळ्या गळ्यानं निघालेली सून त्यांना पसंत नव्हती.

"आमच्या दारात पोरगी अशी उतरणार? लोक काय म्हणतील? सोनं आमच्या हातात द्या, आम्ही नेताव."

"आमच्याकडं रीतच हाय अशी," नवरीची आई म्हणत होती. एकदा सोनं त्या आत्याबाईंच्या हातात गेलं की ते परत मागायला कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की झालंच.

मी दार उघडून बाहेर आले. हे माझं काम नव्हतं. ऑडिटरनं कुणाच्या घरच्या भांडणात पडायचं नसतं. पण वाटेला सोनं घालायचं नाही या रितीवर सगळ्यांचं मौन टिकून होतं, आणि ती तिथल्या तिथे मोडायला आली होती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मी बेळगावहून आलेय, बँकांचं काम बघते. सोनं बँकेतच चाललंय. मी आत्ता स्वतः वजन करून घेतलंय, आणि ते तिजोरीत जाईपर्यंत मी सोबत आहे. तुमच्या सुनेच्या सोन्याची एवढी काळजी कुणी घेतली होती का आजवर?"

यात एक शब्द खोटा नव्हता. आत्याबाईंनी माझ्या पर्सकडे पाहिलं, मग रेवणकरमामांच्या कोटाकडे. कोटानं काम केलं.

"एवढी मोठी माणसं आलीत व्हय," त्या म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ दे."

परत येताना सोनं माझ्या मांडीवर होतं. तारण एकदा ताब्यात घेतलं की तिजोरीत जाईपर्यंत नजरेआड करायचं नाही, असा आमचा नियम. रेवणकरमामांनी जीप थांबवून कसोटीच्या काळ्या दगडावर बोरमाळेचा मणी घासला, आम्लाचा थेंब सोडला, रेघ तशीच राहिली. म्हणजे सोनं चोख.

"रीत मात्र जुनी दिसते," मी म्हटलं. "वाटेला सोनं न घालायची."

पुढच्या सीटवर अण्णा गालातल्या गालात हसले. मागे माझ्या शेजारी बसलेल्या वैनी मोकळेपणानं हसल्या.

"जुनी कसली? आमच्या आजेसासूनं काढली. जुन्या सुप्यात असताना. एका पोरीचं सोनं आमच्या दुकानात गहाण होतं आणि सोयऱ्यांनी मांडवात विचारलं, गळा मोकळा का म्हणून. पोरीचा बाप उठून रानात निघून गेला. आजेसासू त्या लग्नात जेवायला बसली होती. ताट तसंच ठेवून उठली ती. पुढच्या लग्नास तिनं सोनं तिजोरीतनं काढून दिलं. दिलं खरं, पण ते सांजच्याला परत आणायचं कसं? आणि तेबी कुणास न कळता?"

"मग?"

"मग तिच्या स्वतःच्या लेकीचं लग्न आलं. गावातलं सगळ्यात मोठं लग्न. तिनं लेकीला मांडवात सोन्यानं मढवली आणि वाटेला लावताना समद्यांदेखत सगळं उतरवून घेतलं. म्हणाली, रानातली वाट हाय, सोनं वाटेला घालायचं न्हाई. सावकाराच्या लेकीनं केलं म्हणल्यावर मग सगळ्यांनीच केलं. आता लोक म्हणतात देवाची रीत हाय."

ग्राहकाची माहिती गुप्त ठेवावी, असा बँकांना नियम आहे. तो मी शिकवते, त्यावर ट्रेनिंग घेते. एवढं एक कलम पाळायला कुणी सबंध तालुक्याच्या लग्नाची रीत बदलली असेल, हे माझ्या कल्पनेत नव्हतं.

रामनगरला पोचल्यावर मी माझं सील तपासलं, तिजोरी उघडवली, उरलेले सगळे पाऊच मोजले. सगळं जागेवर होतं. बोरमाळ आणि कुड्या पाऊचमध्ये गेल्या, पत्रिका बाहेर आली.

मग मी जे होतं ते लिहिलं. शॉर्टेज नाही. तारण पूर्ण आहे आणि प्रत्यक्ष पाहिलं आहे. पण कर्ज फिटण्याआधी तारण बाहेर देण्याची पद्धत आहे, ती नियमात बसत नाही, ती थांबली पाहिजे. हे मी अण्णांना आधी वाचून दाखवलं. खोटं मला लिहिता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर, परत न येणारं सोनं कधीतरी एकदा निघालंच असतं. माणसं बदलतात, रस्ते बदलतात, आत्याबाई सगळ्याच कोटाला घाबरत नाहीत.

अण्णांनी ऐकून घेतलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. "म्हणजे आता पोरींनी मोकळ्या गळ्यानं..."

"तारण बाहेर जाणार नाही, एवढंच लिहिलंय," मी म्हटलं.

वैनी दारात उभ्या होत्या. पाटल्या पुन्हा त्यांच्या हातात होत्या. "लोकांचं द्यायचं न्हाई ना?" त्यांनी विचारलं. "आमचं दिलं तर चालतंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी बोर्डानं टाय-अप मंजूर केलं. अट तीच, तारण तिजोरीतून हलणार नाही. साहेबांनी फोन करून विचारलं, "जेवण कसं होतं?" मी म्हटलं, फणसाची भाजी फार छान होती.

हे गेल्या वर्षी. यंदा पुन्हा तिथलं ऑडिट माझ्याकडेच आलं. रामनगरला उतरल्यावर मी आधी फोटो स्टुडिओपाशी थांबले. दर्शनी काचेत त्या हंगामातल्या नवऱ्यांचे फोटो लावले होते. पोरी वेगवेगळ्या, वाड्या वेगवेगळ्या, पण सगळ्यांच्या गळ्यात एकच बोरमाळ, वेळीपांची नव्हे, दुसरीच, आणि हातात वैनींच्या त्याच पाटल्या. फोटो बघायला माझ्या शेजारी बायका उभ्या होत्या. पाटल्या सगळ्यांनाच ओळखू येत असणार. कुणी काही बोलत नव्हतं.

सोसायटीच्या हिशेबात मिराशींच्या घरातल्या चार बायकांचं सोनं जमा झालेलं होतं. घरातून काढून रीतसर सोसायटीच्या नावावर केलेलं. वापर म्हणून लिहिलं होतं, सभासदांच्या मुलींच्या लग्नात. ते कुठल्या रकान्यात धरायचं, असं अण्णांच्या मुलानं विचारलं. मी म्हटलं, प्रमोटर्स कॉन्ट्रिब्युशन. हेड ऑफिसला हे पटवायला मला दोन मेल करावे लागले.

एवढ्या वर्षांत मी एक शिकले. घराण्याची बँक बघायला जाल तर आधी तिजोरी बघा, आणि मग त्या घरातल्या बायकांचे हात बघा.

रकाना भरायचा तर त्या सोन्याचं वजन घ्यायला हवं. रेवणकरमामांनी काटा मांडला. बोरमाळ निघाली, कानातली निघाली, मोहनमाळ निघाली. शेवटचा पाऊच हाताला हलका लागला. उघडला तर आत पत्रिका होती. लग्न कुळगीला, मुहूर्त दुपारचा.

वैनी समोरच बसल्या होत्या. मनगटांवर काचेच्या बांगड्या, आणि त्याखाली ते दोन फिकट पट्टे.

मी पत्रिकेची घडी घातली, जपून पाऊचमध्ये ठेवली आणि म्हटलं, "अण्णा, चहा सांगा."